मामासाठी घर

(तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं लेखी रूप)



संयोजकांनी फोन केला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी आयटीतल्या नोकऱ्यांबद्दल बोलावं. मुलाखत कशी द्यायची, काय शिकायचं वगैरे. मी म्हटलं, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला एका मांजराला घर शोधून दिलं त्याबद्दल बोलायचंय. पलीकडून थोडा वेळ आवाजच नाही. मग म्हणाले, ठीक आहे, पण वीस मिनिटंच. तर वीस मिनिटं.

मी कोंढव्यात राहते, भाड्याने. गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या गेटमध्ये एक बोका येऊन बसायला लागला. पिवळा-पांढरा, मोठं डोकं, एक कान फाटलेला. गेटच्या बरोबर मधोमध बसायचा. गाडी आली तरी हलायचा नाही. गाडीवाल्याने उतरून डोक्यावरून हात फिरवला की मग बाजूला व्हायचा. पुण्यात ट्रॅफिक पोलिसाला मामा म्हणतात, म्हणून वॉचमन काकांनी त्याचं नाव मामा ठेवलं.

रस्त्यावर वाढलेलं मांजर अनोळखी माणसाच्या मांडीवर चढून घोरत नाही. हा पहिल्या दिवसापासून घोरत होता. दुपारी जिना चढून तिसऱ्या मजल्यावर जायचा आणि एका कुलूपबंद दारासमोर बसून राहायचा. तिथले भाडेकरू मे महिन्यात घर सोडून गेले होते. मी वॉचमन काकांना विचारलं. ते म्हणाले, "त्यांचाच होता मॅडम. टेम्पोत फ्रिज गेला, हा राहिला."

पाळलेलं जनावर उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून जाणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०, कलम ११. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. नो-पार्किंगमध्ये स्कूटर लावली तर जास्त लागतात.

मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. दातांवरून वय चार-पाच वर्षं. रेबीजची लस, मांजरांची तिहेरी लस, जंताचं औषध, मांजरांमध्ये पसरणाऱ्या दोन मोठ्या विषाणूंची तपासणी आणि नसबंदी. नसबंदीचं ऐकून आमच्या मजल्यावरच्या एका चाचांनी विचारलं, हे जायज आहे का? प्रश्न प्रामाणिक होता. मी वाचलं, एका मौलानांनाही विचारलं. यावर मतभेद आहेत, पण हनफी फिकहमध्ये फायद्यासाठी जनावराची नसबंदी करायला हरकत घेतलेली नाही. आणि फायदा डोळ्यांना दिसतो. नसबंदी न झालेला बोका मारामाऱ्या करतो, लांब भटकतो, गाडीखाली येतो. मांजरीला साधारण नऊ आठवड्यांत पिल्लं होतात. ती सगळी कोण सांभाळणार? चाचांना हे पटलं की नाही माहीत नाही, पण मामाला ते अजूनही बिस्किट द्यायला बघायचे.

आता तुम्ही विचाराल, एवढा लळा होता तर स्वतःच का नाही ठेवला? माझ्याकडे नानी आहे. तेरा वर्षांची मांजरी, मूत्रपिंडाचा आजार, दोन दिवसाआड सलाईन. आणि मामाचा एक मोठा दोष होता. माणूस म्हणजे त्याचा जीव की प्राण, पण दुसरं मांजर दिसलं की अंगावर जायचा. मी त्याला बेडरूममध्ये आणि नानीला हॉलमध्ये ठेवलं. दाराच्या फटीतून ओळख करून दिली, वासाची फडकी बदलून बघितली, सगळे उपाय केले. सहा आठवड्यांनंतरही नानी घाबरून जेवत नव्हती. माझ्या घरात मामा सुखी आणि नानी मरायला टेकलेली, असा हिशोब होता.

मोठ्या मांजराला घर मिळणं कठीण असतं. लोकांना पिल्लू हवं असतं. फोन आला की पहिला प्रश्न, "किती महिन्यांचं आहे?" दुसरा, "पर्शियन आहे का?" खरं तर पिल्लू पुढे कसं निघेल ते कुणालाच सांगता येत नाही. मोठं मांजर तुमच्यासमोर जसं आहे तसं असतं. मामा हात लावून घेतो, नखं काढत नाही, मातीच्या डब्यातच जातो, दुसरं मांजर त्याला चालत नाही. हे सगळं मी लेखी देऊ शकत होते. तसा मी त्याचा बायोडाटाच तयार केला. वर्ण, वजन, स्वभाव, आवडीनिवडी, समोरून घेतलेला एक फोटो. अम्मीने मिरजेहून तो वाचला आणि म्हणाली, "अगं, स्वतःच्या स्थळांना एवढे प्रश्न विचारले असतेस तर आज नातवंडं असती."

बायोडाट्याबरोबर एक ऑनलाइन फॉर्म. मी इंजिनिअर, तेव्हा तो साधा कसा असेल? बावीस प्रश्न, प्रत्येकाला गुण. स्वतःचं घर असेल तर पंधरा, खिडक्यांना जाळी असेल तर वीस, महिन्याचं उत्पन्न, आधी प्राणी पाळल्याचा अनुभव, जवळ डॉक्टर आहे का. शंभरपैकी बेरीज आपोआप यायची. एकतीस फॉर्म आले.

सगळ्यात वर, ९१ गुण, बाणेरचं एक जोडपं. दोघंही आमच्याच क्षेत्रातले. स्वतःचा फ्लॅट, बाराव्या मजल्यावर, सगळीकडे जाळ्या. मांजरासाठी झाड, कारंजाचं पाण्याचं भांडं, काय नव्हतं! मी स्वतः सोडून आले. येताना रिक्षात रडले, पण समाधान होतं.

अकराव्या दिवशी रात्री अकरा वाजता त्या मुलीचा फोन. मामा सकाळपासून सारखा डब्यात जाऊन बसतोय, ओरडतोय, बहुतेक पोट साफ होत नाहीये. मी विचारलं, लघवी होतेय का? तिला सांगता येईना. मी म्हटलं, सकाळची वाट बघू नका, आत्ता निघा.

हे मी जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरात बोका असेल. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. बारीक खड्यांनी किंवा चिकट स्रावाने तो बंद होऊ शकतो. लघवी अडली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. एक-दोन दिवसांत खेळ संपतो. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ आहे आणि ते एरंडेल शोधत बसतात. मामाला त्या रात्री नळी घातली, तीन दिवस ॲडमिट होता. वाचला.

डॉक्टरांनी जी कारणं सांगितली त्यात कोरडं खाणं होतं, कमी पाणी होतं आणि ताण होता. मी म्हटलं, ताण कसला? राजवाड्यात होता! त्यांनी विचारलं, "घरात दिवसभर कोण असतं?" कुणी नव्हतं. दोघं सकाळी आठला निघायचे, रात्री आठला यायचे. शेजाऱ्यांनी सांगितलं, तो दिवसभर दाराशी बसून ओरडायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या कुलपासमोर बसायचा, तसाच.

ते जोडपं वाईट नव्हतं. अर्धं बिल त्यांनी भरलं. ती मुलगी माझ्यापेक्षा जास्त रडली. चूक माझ्या फॉर्मची होती. घर कसं आहे हे मी बावीस प्रकारे विचारलं होतं. दुपारी दोन वाजता घरात कोण असतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मामा परत आला, नानी परत पलंगाखाली गेली. मी गुणांचा तो तक्ता बाजूला ठेवला आणि कागदावर फक्त मामाला काय लागतं ते लिहिलं. दिवसा घरात माणूस. दुसरं मांजर नको. अंगाशी येणारं, पाय सोडून न जाणारं मांजर ज्याला आवडेल असा माणूस. ओलं खाणं, भरपूर पाणी. जाळी नंतर बसवता येते. स्वतःचं घर हा मुद्दा मी खोडला, आणि खोडताना लाज वाटली. मी स्वतः अकरा महिन्यांच्या करारावर राहते. २०१६ साली पुण्यात खोली शोधताना एजंट फोनवर आधी छान बोलायचे, नाव सांगितलं की "मॅडम, ओनरला जरा प्रॉब्लेम आहे." माझा पगार, माझी कंपनी, माझी स्वच्छता, कुणीही काही विचारलं नव्हतं. तीच मी, भाड्याने राहणाऱ्याचे पंधरा गुण कापत होते.

पण खरी गोष्ट पुढे आहे. नवा कागद घेऊन मी एकतीस फॉर्म पुन्हा वाचायला घेतले. सतराव्या ओळीला करडा रंग दिलेला होता. म्हणजे मी ती आधीच बाद केली होती, गुणही पाहिले नव्हते. शेरा माझ्याच हाताचा, 'नॉनव्हेज?' आणि पुढे काही नाही.

फॉर्म एका निवृत्त शिक्षिकेचा होता. वय ६८, सहकारनगर, एकट्या. घरात दुसरा प्राणी नाही. 'मांजर का हवं' या प्रश्नाला त्यांनी तीन शब्दांत उत्तर दिलं होतं, 'दुपार जात नाही.' हे वाचायच्या आधीच मी त्यांचं आडनाव वाचलं होतं. आडनावावरून त्यांच्या घरात काय शिजतं ते ठरवलं. तिथे मांजराला दूध-पोळी मिळणार हे ठरवलं. आणि माझं नाव कळल्यावर त्या फोन ठेवतील, तर आपणच कशाला करा, हेही ठरवलं. फोन एकदाही केला नव्हता.

ही भीती हवेतली नव्हती, हेही सांगते. मामाच्याच बाबतीत एका गृहस्थांनी अर्धा तास गोड बोलून शेवटी माझं आडनाव विचारलं. त्यानंतर त्यांचा फोन कायम व्यस्त. दुसरीकडे, मांजरं सांभाळणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी मला प्रेमाने सल्ला दिला होता, "तुमच्या त्या भागात कुणाला देऊ नका हं, ते लोक मोकळं सोडतात." मी त्या भागातच राहते हे त्या विसरल्या. हे सगळं खरं आहे. तरी सतराव्या ओळीतल्या बाईंनी माझं काहीही बिघडवलं नव्हतं.

मी फोन केला. नाव आधीच सांगितलं, पूर्ण. त्या म्हणाल्या, "महिना झाला की हो फॉर्म भरून! मला वाटलं म्हाताऱ्यांना देत नाहीत."

शनिवारी गेले. पहिला मजला, जुनी इमारत, खिडक्यांना गज आहेत पण फटी मोठ्या. त्यांनी चहा केला. मिरज ऐकल्यावर म्हणाल्या, "ह्यांचा तंबोरा मिरजेचा, सतारमेकरांकडचा." तो कोपऱ्यात गवसणीत उभा होता. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

खाण्याचा विषय मलाच काढावा लागला. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा एक घटक त्याला मांसातूनच मिळतो. तो मिळाला नाही तर डोळे जातात, हृदय कमकुवत होतं. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. हे मी इतकी अडखळत सांगितलं की आजींनाच दया आली. म्हणाल्या, "अहो, वाघाची मावशी ती. तिला वरणभात घालून कसं चालेल? पाकीट चालेल, डबा चालेल. मासे माझ्या ओट्यावर नकोत. त्याचं ताट गॅलरीत, घासायचा ब्रश वेगळा. झालं?" झालं. ज्या प्रश्नापायी मी महिना घालवला आणि मामाला नळी घालायची वेळ आणली, तो मिनिटभरात सुटला.

मग त्या म्हणाल्या, "आता मी विचारू? रागावू नका. तुमच्यात मांजर चालतं आणि कुत्रं चालत नाही, ते का?" मी म्हटलं, कुत्र्याबद्दल वेगवेगळ्या मजहबांची मतं वेगळी आहेत, तो मोठा विषय आहे. मांजराबद्दल मात्र अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस आहे. अबू कतादा वजू करत असताना मांजर आलं, तर त्यांनी भांडं तिरकं करून त्याला पाणी पिऊ दिलं. बघणाऱ्या सुनेला आश्चर्य वाटलं तेव्हा त्यांनी प्रेषितांचा हवाला दिला, की मांजर नापाक नाही, ते आपल्यातच वावरणारं आहे. आणि अबू हुरैरा हे नाव म्हणजे मांजरवाले बाबाच. व्हॉट्सॲपवर फिरणारी ती गोष्ट, झोपलेल्या मांजराला उठवायला नको म्हणून बाही कापल्याची, ती मात्र मी सांगितली नाही. ती हदीसच्या विश्वासार्ह संग्रहांत सापडत नाही. गोड आहे म्हणून पुढे पाठवू नका. आजी म्हणाल्या, "सुनेने विचारलं आणि सासऱ्याने नीट उत्तर दिलं, हेच मला जास्त आवडलं."

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. त्या रात्री त्यांच्या मुलाचा बंगळूरुहून फोन आला. आधार कार्डाची प्रत पाठवा. कंपनीचं ओळखपत्र पाठवा. कोंढव्यात कुठे? कधीपासून? घरी कोण कोण? आई एकटी असते म्हणून विचारतो. मी म्हटलं, मांजराबद्दल काही विचारायचंय का? म्हणाले, नाही.

मी खूप चिडले. फोन ठेवून नानीजवळ बसले. बावीस प्रश्न मीही विचारले होते, त्यांच्या आईचं उत्पन्नसुद्धा. पण माझे प्रश्न एकतीस जणांना सारखे होते आणि त्यांचे प्रश्न मला कोंढव्यामुळे होते. हा फरक मी आजही सोडायला तयार नाही. एका मैत्रिणीने सांगितलं, देऊ नकोस, स्वाभिमान आहे की नाही? दुसरीकडे मामा दाराला पंजा मारत होता. मी आधार पाठवलं. मनापासून पाठवलं असं म्हणणार नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, पण तुम्हाला कधी करावं लागलं तर उपयोगी पडेल. नेण्याआधी जाळी बसवून घेतली. नंतर बसवू म्हणणाऱ्यांची मांजरं पडतात. घरातली लिलीची कुंडी शेजारी दिली, कारण लिली मांजराच्या मूत्रपिंडाला विष आहे. फिनाइल बंद. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, हे आजींनी स्वतः कागदावर लिहून फ्रिजवर लावलं. मामाबरोबर त्याची न धुतलेली चादर, तोच मातीचा डबा, तेच खाणं दिलं आणि आधी एकच खोली उघडी ठेवली. दोन दिवस तो कपाटामागे होता. आजी जवळ खुर्ची टाकून पेपर मोठ्याने वाचत बसल्या. तिसऱ्या रात्री तो पलंगावर आला.

वयाचं काय, हा प्रश्न आजींनीच काढला. पाच वर्षांचं मांजर घरात राहिलं तर आणखी दहा वर्षं सहज जगतं. "मी ७८ ची होईन. किंवा होणार नाही. तेव्हा याचं काय?" आम्ही करारात लिहिलं, त्यांना जमेनासं झालं की मामा माझ्याकडे येईल, मध्ये कुणाकडे जाणार नाही. सही मुलानेही केली. सोसायटीतून एकाने कुरकुर केली, तेव्हा मी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत नेऊन दिली. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं त्यात आहे. प्रत दिल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "आमचं म्हणणं फक्त जिन्यातल्या केसांबद्दल होतं."

नानी पुन्हा जेवायला लागली. मामाचं वजन सव्वापाच किलो झालंय आणि डॉक्टरांनी आजींना रागावून सांगितलंय की डबा दिवसातून दोनदाच. मार्चमध्ये आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हा रमजान चालू होता. मी ऑफिसमधून थेट तिकडे जायचे, मामाचं ताट भरायचे, आणि आजी डोळ्यावर पट्टी बांधून विचारायच्या, "वाजले का गं? खजूर डब्यात आहेत." घराची एक किल्ली माझ्याकडे आहे. मुलाचा त्यानंतर एक मेसेज आला, 'थँक्स फॉर हेल्पिंग आई.' मी अंगठा पाठवला. त्यापलीकडे आमचं बोलणं नाही.

वीस मिनिटं झाली वाटतं. एक शेवटचं काम. सध्या माझ्या बाथरूममध्ये एक मांजरी आहे. काळी, साधारण तीन वर्षांची, नसबंदी झालेली, लसी झालेल्या. ही मामाच्या उलट आहे. हात लावलेला आवडत नाही, पण दुसऱ्या मांजराबरोबर छान राहते. ज्यांच्याकडे आधीच एक मांजर आहे आणि दिवसभर कुणी घरात नसतं, त्यांना चालेल. पर्शियन नाही. फॉर्म आता सहा प्रश्नांचा आहे. मी चहाच्या टेबलाजवळ थांबते.